दर वेळी नवी तारीख देऊन थकलोय, शॅकल्टनच्या गोष्टीतून आपल्यासारख्याने काय घ्यायचं?

टॉवेलकर_सोलापूर

नमस्कार मंडळी. मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा आणि मनात येईल ते सरळ सांगा.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांनी चार मागांवर सुरू केलेला, वाढत वाढत १६ माग झाले. ऑगस्टमध्ये एका रात्री पावणेतीनला शॉर्ट सर्किट झालं आणि अर्धं शेड गेलं. टॉवेलच्या शेडमध्ये छताला, पंख्यांना, वायरींना कापसाचे बारीक तंतू चिकटून बसलेले असतात, ठिणगी पडली की आग वरच्या वर पळते, फायर ब्रिगेड येईपर्यंत १० माग गेले होते. त्या रात्री पाळी बंद होती म्हणून माणूस कुणी सापडला नाही, एवढी सिद्धेश्वराची कृपा. वडिलांना त्याआधी दोनच महिने अर्धांगाचा झटका आलेला, त्यामुळे सगळं माझ्याच अंगावर आलं. मी ३१ चा.

कामगार १४. विम्याचं अजून कागदावर कागद चाललंय. पहिल्या आठवड्यात सगळे विचारायचे, मालक कधी चालू? मी म्हणलं गणपतीनंतर. मग म्हणलं दसऱ्याला. मग दिवाळी झाली की नक्की. आता संक्रांत म्हणून सांगून बसलोय, बाहेर गड्डा यात्रेची तयारी चाललीय आणि मला आतून पक्कं माहितीय की संक्रांतीलाही होणार नाही. चार जण सोडून गेले, त्यातले दोघं पुण्याला. आमचे जॉबर मामा, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे, वडिलांच्या वेळचे, ते आता काही विचारतच नाहीत. रोज सकाळी आठला येतात, जळालेल्या शेडसमोर खुर्ची टाकून बसतात आणि मी आलो की उठून उभे राहतात. ते उभं राहणं मला बघवत नाही.

मागच्या आठवड्यात मित्राने एका कार्यक्रमाला नेलं. तिथं अंटार्क्टिकाला निघालेल्या शॅकल्टनची गोष्ट सांगितली, जहाज बर्फात चिरडलं, २८ माणसं, जवळपास दोन वर्षं आणि एकही दगावला नाही, लीडर असावा तर असा. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मला मात्र घरी येऊन झोप लागली नाही. त्याने २८ माणसं बर्फातून आणली आणि माझ्याच्याने १४ जण आपल्याच गावात टिकेनात.

विचारायचं एवढंच की असल्या गोष्टींतून आपल्यासारख्याने खरंच काही घ्यायचं असतं का? आणि सोमवारी सकाळी माणसांसमोर उभा राहिलो की काय बोलू?

निवृत्त_मास्तर

तू माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

आधी ती गोष्ट पुरी ऐक, कारण तुला अर्धीच सांगितलीय. 'एकही दगावला नाही' हे एन्ड्युरन्स जहाजावरच्या २८ जणांपुरतं खरं आहे. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्राकडून उतरली होती, शॅकल्टनच्या वाटेवर धान्याचे साठे पेरून ठेवायला. त्यांनी हाल सोसून साठे लावले, ज्याच्यासाठी लावले तो कधी पोचलाच नाही आणि त्या तुकडीतली तीन माणसं मेली. हे कार्यक्रमात सांगत नाहीत. तेव्हा ज्याच्याशी तू स्वतःची तुलना करून जागा राहिलास, तो माणूस तेवढा निष्कलंक नव्हता.

पण तो फालतूही नव्हता. जहाज जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं, ऑक्टोबरात सोडावं लागलं, २१ नोव्हेंबरला बुडालं. तो निघाला होता अख्खा खंड चालून ओलांडायला. जहाज गेलं त्या दिवशी त्याने तो विषय बंद केला, आता सगळ्यांना घरी न्यायचं एवढंच काम. सामान कमी करायचं होतं, माणशी दोनच पौंड ठेवायचं. तर पहिल्यांदा स्वतःची सोन्याची नाणी बर्फावर टाकली. पण हसी नावाच्या पोराचा बॅन्जो त्याने मुद्दाम बरोबर घ्यायला लावला, चांगला जड होता तरी. आणि तंबू वाटताना कुरकुरे, तोंडाळ लोक स्वतःजवळ ठेवले, कारण निराशा एका तंबूतून दुसऱ्या तंबूत जाते हे त्याला कळत होतं. तुझ्या सोडून गेलेल्या चौघांत सगळ्यात जास्त कोण बोलायचं, त्याला तू कधी जवळ बसवलंस का, हे आठवून बघ.

मला स्वतःला त्या गोष्टीत शॅकल्टनपेक्षा फ्रँक वाइल्ड जवळचा वाटतो. एप्रिल १९१६ मध्ये शॅकल्टन पाच जण घेऊन एका होडीतून मदत आणायला गेला, साउथ जॉर्जिया बेटाकडे, १,३०० किलोमीटरच्या वर, खवळलेला समुद्र. बाकी २२ जण एलिफंट बेटावर, दोन होड्या उलट्या घालून त्यांच्याखाली. वाइल्ड त्यांचा प्रमुख. चार महिन्यांच्या वर! सील आणि पेंग्विन खाऊन, आणि मध्येच एका पोराच्या पायाची बोटं हिमदंशाने सडली ती दोन डॉक्टरांनी त्याच होड्यांखाली कापून काढली. वाइल्ड रोज सकाळी काय म्हणायचा, तर वळकट्या बांधा रे, बॉस आज येईलही कदाचित. आणि माणसं खरंच वळकट्या बांधायची. ३० ऑगस्टला बोट दिसली तेव्हा तासाभराच्या आत सगळे बोटीवर होते.

तू म्हणशील मग मीही तेच करतोय, आज उद्या म्हणतोय. वाइल्डने तारीख दिली नव्हती रे. हाताला काम दिलं होतं.

नाइटड्युटी

मास्तर छान लिहिलंत पण मला थोडं वेगळं बोलायचंय, दादा वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या बाजूनेच बोलतेय.

आधी हे सांगा, वायरिंग शेवटचं कधी तपासलं होतं? तंतू झाडायला दर आठवड्याला माणूस होता का? विचारतेय कारण या सगळ्या जगलो-वाचलो गोष्टींमध्ये आधी काय घडलं ते कुणी सांगत नाही. चिलीच्या खाणीत ३३ जण अडकले होते ना २०१० मध्ये, ६९ दिवस. त्यात पहिल्या दिवशी ते लोक हवेच्या बोगद्यातून वर चढायचा प्रयत्न करत होते, पण तिथं जी शिडी असायला हवी होती ती पुरी लावलेलीच नव्हती. शिडी असती तर बहुतेक ६९ दिवसांची गोष्टच झाली नसती. सोसणाऱ्याचं कौतुक करताना शिडी कुणी लावली नाही ते आधी विचारायचं, हे माझं ठाम मत आहे. तुमचे कामगार उद्या परत त्याच छताखाली उभे राहणार आहेत.

आता त्या ३३ जणांचं. वर कुणाला माहीतच नव्हतं की ते जिवंत आहेत, १७ दिवस. खाली दोन-तीन दिवसांचं खाणं. पाळीप्रमुख लुईस उर्सुआ. ट्यूना माशाचे दोन चमचे, तेही ४८ तासांतून एकदा, आणि माझ्या डोक्यात बसलंय ते हे की सगळ्यांना मिळाल्याशिवाय कुणी तोंडात घालायचं नाही. वर यायची वेळ आली तेव्हा उर्सुआ सगळ्यात शेवटी आला.

माझं स्वतःचं सांगते. २०२० मध्ये मी इथल्याच एका हॉस्पिटलला कोविड वॉर्डात होते. आमच्या इन्चार्ज सिस्टर पन्नाशीच्या, शुगर असलेल्या. किट कधी येणार, किती येणार कुणालाच पत्ता नव्हता आणि आम्ही पोरी रोज त्यांनाच विचारायचो, सिस्टर उद्या किट आहेत का. त्या कधीही 'येतील गं' म्हणल्या नाहीत. म्हणायच्या, मला आत्ता माहीत नाही, सकाळी सातला सांगते. आणि सातला सांगायच्या म्हणजे सांगायच्याच. कधी १२ आहेत, कधी ५ आहेत, एकदा तर म्हणल्या आज एकच आहे आणि ते मी घालतेय. सातच्या ठोक्याला त्या दारात उभ्या असायच्या, हातात ती निळ्या शाईने खाडाखोड केलेली ड्युटीची वही. पाचच किट असलेल्या दिवशीसुद्धा आम्ही कमी घाबरायचो, कारण निदान रात्रभर अंदाज बांधत जागायला लागायचं नाही.

कारखाना कधी चालू होणार याची तारीख तुमच्या हातात नाहीच दादा. कधी सांगणार याची तारीख मात्र तुमच्या हातात आहे. दर शनिवारी पाच वाजता जे असेल ते. काही नसेल तर काही नाही हे.

सीनाकाठ

नाइटड्युटी ताईंनी लिहिलंय ते मी डोळ्याने बघितलंय म्हणून लिहायलोय, नाहीतर मी नुसता वाचणारा माणूस.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा आमची वस्ती सगळी पाण्यात. रात्री आम्ही ४० च्या आसपास माणसं शाळेच्या स्लॅबवर, म्हातारी, लेकरं, दोन शेरडं बी वर आणलेली. लाइट नाही, मोबाइल एकेक करून बंद पडायलेले. पाऊस तर असा की बोललेलं ऐकू येईना. पहिला तासभर नुसता कालवा, कोण म्हणतंय धरणातून अजून सोडलंय, कोण म्हणतंय बोट निघालीय, कोण म्हणतंय शाळाच जाणार आता.

आमच्यात एक म्हातारी मावशी हाय, शाळेत खिचडी शिजवायची पूर्वी. तिनं काय केलं, एका पोराला बॅटरी दिली आणि जिन्याच्या तोंडाशी बसवलं. म्हणली, तुझं काम एकच, पाण्यावर किती पायऱ्या उरल्या ते मोजायचं आणि सगळ्यास्नी ऐकू जाईल असं वरडून सांगायचं. पोरगं वरडलं, अकराऽऽ. अर्ध्या तासानं, दहाऽऽ. मग नऊ. मग आठ. तुम्हाला वाटंल माणसं आठ ऐकून घाबरली असतील. तसं न्हाई झालं ओ. कालवाच थांबला. सगळी त्या आकड्याकडं कान लावून बसली. पहाटे दोन वेळा लागोपाठ सातऽऽ सातऽऽ आलं तेव्हा माझी आई रडायला लागली, बाकी रात्रभर रडली नव्हती.

खायला कुणाच्या तरी पिशवीत कडक भाकरी होत्या आणि शेंगाची चटणी. मावशीनं त्या मोडून तुकडे केले, पदरात घेऊन अंधारात चाचपडत प्रत्येकाच्या हातावर ठेवले. वस्तीतल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराच्या नातवाला बी तेवढाच तुकडा. तो कडक भाकरीचा कडाकडा आवाज सगळीकडनं यायचा ते मी कधी विसरणार न्हाई.

बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बाकी त्या शॅकल्टनचं मला काय माहीत न्हाई.

टॉवेलकर_सोलापूर

तिघांचंही दोन-दोनदा वाचलं. नाइटड्युटी ताई, वायरिंगचं विचारलंत ते लागलं कारण खरं आहे. जुनं होतं. वडील दोन वर्षं म्हणत होते बदलू आणि मीच म्हणायचो या सीझननंतर बघू. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. कामगारांना तर नाहीच.

एक शंका आहे. सगळं खरं सांगितलं आणि उरलेले दहाही निघून गेले तर? मी तारखा द्यायचो ते फसवायला नव्हे ओ, मलाच वाटायचं की होईल.

मिलकामगाराची_लेक

जातील दादा काही जण. जाऊ द्या.

माझे वडील इथल्या एका मिलमध्ये होते, नव्वदीच्या दशकात बंद पडली. बंद म्हणून कुणी कधी सांगितलंच नाही. चालू होणार, बोलणी चाललीत, पुढच्या महिन्यात भोंगा वाजणार. बाबा दोन वर्षं रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायचे, तिथं लिंबाखाली आणखी दहा-पंधरा जण असायचे, डबा खायचे आणि चारला घरी. घर आईच्या विड्यांवर चालायचं. मांडीवर सूप, पत्र्याच्या मापाने पानं कापायची, दिवसाला हजार विड्या, आणि रात्री तिची बोटं सरळ व्हायची नाहीत म्हणून मी कोमट पाण्यात धरून ठेवायचे. बाबांना मधल्या काळात एका ठिकाणी वॉचमनची नोकरी चालून आली होती. नाही म्हणाले, मिल चालू झाल्यावर पाळी जाईल म्हणून. बाबा आळशी नव्हते हो, त्यांनी कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवला होता.

वर कुणी अमेरिकेच्या त्या स्टॉकडेलचं लिहील म्हणून वाट बघत होते, मीच लिहिते. नौदलाचा वैमानिक, १९६५ ला व्हिएतनाममध्ये विमान पडलं, १९७३ पर्यंत हनोईच्या तुरुंगात. साडेसात वर्षं, मारहाण, एकांतकोठडी. भिंतीवर टकटक करून अक्षरं पाठवायची अशी कैद्यांची भाषा होती, त्यावर सगळे एकमेकांना धरून राहिले. सुटल्यावर त्याला विचारलं कोण टिकले नाहीत, तर म्हणाला, जे म्हणायचे नाताळला सुटू. नाताळ जायचा. मग ईस्टरला सुटू. तोही जायचा. तसे खचून गेले ते. मला हे वाचताना लिंबाखालचे बाबाच दिसतात. तुमचे गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत वाचून तेच दिसले म्हणून एवढं लिहितेय.

जॉबर मामांना खुर्चीवर बसवून ठेवू नका. त्यांना दुसरीकडे कुणी विचारत असेल तर तुम्ही स्वतः सांगा की जा, मी चालू केलं की पहिला फोन तुम्हाला. माणूस बांधून ठेवायचा हक्क आपल्याला फक्त पगार देत असताना असतो असं मला वाटतं, आणि तेव्हासुद्धा थोडाच.

निवृत्त_मास्तर

ताई, तुमच्या आईच्या बोटांचं वाचून थांबलो जरा.

पोरा, एकच भर घालतो. उत्तराखंडात सिलक्यारा बोगद्यात २०२३ च्या दिवाळीच्या सकाळी ४१ मजूर अडकले, १७ दिवस. सुरुवातीला चार इंची पाइपातून चुरमुरे, चणे जात होते. आतमध्ये गब्बर सिंग नेगी नावाचा फोरमन, तो सगळ्यांना चालायला लावायचा, योगासनं करून घ्यायचा, बोगदा दोन किलोमीटर मोकळा होता ना आत. मोठं यंत्र मोडलं आणि शेवटचे १०-१२ मीटर हाताने खणणाऱ्या मजुरांनी काढले, ज्यांना आपण एरवी विचारतही नाही. तुझ्याकडे सहा माग आहेत शाबूत. दहा बंद आहेत ते पाच महिने मोजतोयस, सहाचं एक अक्षर लिहिलं नाहीस अजून.

टॉवेलकर_सोलापूर

आठ दिवसांनी लिहितोय.

शनिवारी पाचला सगळ्यांना बोलावलं. बोलायचं लिहून नेलं होतं पण कागद खिशातच राहिला. सांगितलं की संक्रांतीला चालू होणार नाही, विम्याचे पैसे कधी येतील मला माहीत नाही, येतील का हेही माहीत नाही. वायरिंगची चूक माझी होती हेही सांगितलं. घशात अडकत होतं पण सांगितलं. आणि सहा मागांचं सांगितलं, की वायरमन आणून नवीन लाइन ओढून घेतली तर सहा माग फेब्रुवारीच्या आत चालू शकतील असं वाटतंय, पण सहा मागांवर दहा जणांना पुरेल एवढं काम नाही, तर आठवड्याआड पाळ्या वाटून घ्यायच्या का ते तुम्ही ठरवा, मी घरखर्चाला मागच्या महिन्यापेक्षा निम्मंच उचलणार आणि हिशोबाची वही टेबलावर उघडी राहील.

दोघं पोरं भडकली. एक म्हणाला पाच महिने आमचा वेळ खाल्ला. ते दोघं तिथूनच निघून गेले, मी अडवलं नाही, त्यांचा राग खोटा नव्हता. त्यातल्या एकाला रविवारी फोन केला, उचलला नाही. परत करणार आहे.

जॉबर मामांना वेगळं बसवून मिलकामगाराची_लेक ताईंनी सांगितलेलं बोललो, की मामा दुसरीकडे चांगलं मिळत असेल तर जा. त्यांनी उत्तरच दिलं नाही. विचारलं, शेडच्या त्या अंगाला बीम किती शाबूत आहेत? मला सांगता येईना. मग ते उठले, धोतराचा सोगा खोचला आणि आत गेले, आणि मी मागोमाग. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे सूत गुंडाळायचे मोठे रूळ लागतात, एक खालच्या विणीचा आणि एक वरच्या लूपचा. पाच महिन्यांत मी त्या कोपऱ्यात एकदाही नीट गेलो नव्हतो, काळं बघवत नव्हतं. मामा एकेका बीमवर हात फिरवून, अंगठ्याच्या नखाने राख खरवडून बघत होते की खालचं लाकूड-लोखंड किती खाल्लंय, आणि मला खडूने खुणा करायला लावत होते. फुली म्हणजे गेलं. गोल म्हणजे दुरुस्त होईल. संध्याकाळी साडेसातपर्यंत आम्ही खुणाच करत होतो, बाकीचे पाच-सहा जणही हळूहळू आत आले, कुणी फण्या वेगळ्या काढायला लागलं, कुणी छताचे तंतू झाडायला. माझ्या हाताला अजून काळं आहे.

सहा मागांना १२ बीम लागतात, आमच्याकडे गोल खुणेचे नऊच निघाले. कुणाच्या ओळखीत जुने टॉवेलचे बीम असतील, वरच्या लूपचे, तर कृपा करून कळवा. रोख देईन, पण दोन हप्त्यांत.

पुढच्या शनिवारी पाचला परत बसणार आहोत.

सीनाकाठ

माझ्या मेव्हण्याचा विडी घरकुलाकडं कारखाना होता, बंद केलाय. त्याच्याकडं बीम पडून हायत, किती ते बघाय लागंल. उद्या सकाळी विचारून सांगतो. टेम्पोचं बघतो मी.

नाइटड्युटी

दादा, वायरमन लायसनवालाच आणा. आणि झाल्यावर इथं सांगा.